पांढऱ्यासाठी दोन घरं जास्त

हे तुम्ही मानणार नाही. आजवर कोणीच मानलेलं नाही. राखोलीच्या पुलाजवळ एकदा सांगायला बसलो, तर चहावाल्याने हातातला अर्धा कप काढून घेतला. तरी घडलं ते घडलं. बायडाबाई, तुम्ही आत्तापासून हसू नका.

"मी कुठं हसते, दत्तूकाका? चालू करा तुमची गिरणी."

तर अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. सायली गावात एका सुताच्या कारखान्यात नवनाथ शेड बघायचा, म्हणजे रंगवलेलं सूत नमुन्याशी जुळतं की नाही ते डोळ्यांनी ठरवायचा. त्याच कारखान्यात त्याने बहिणीच्या नवऱ्याला, बारकूला, मागच्या गोदामावर वॉचमन म्हणून चिकटवलं होतं. बहीण, सोनी, शिरपूरकडचं बिऱ्हाड मोडून नुकतीच आली होती. खोलीत अजून खुंट्यासुद्धा ठोकल्या नव्हत्या. आणि एका सोमवारी भर दुपारी बारकू गेट उघडं टाकून धूम पळाला.

"बिबट्या, भो! वेस्टच्या गाठींवर पसरला होता, सासरी आल्यासारखा!"

मॅनेजर विलाससाहेब पुण्याचे. दोनदा स्वतः येऊन गोदामात डोकावले. दोन्ही वेळा टाकाऊ सुताच्या पांढऱ्याफेक गाठी तेवढ्या दिसल्या.

"ड्यूटी सोडून पळालास, वर मला गोष्टी सांगतोस?" साहेब म्हणाले. "मी तिसऱ्यांदा येणार नाही. शनिवारी पाचपर्यंत फोटो दाखव, नाहीतर गाठोडं बांध."

नवनाथकडे नाशिकच्या एका इंजिनियरने जाता जाता विकलेला कॅमेरा होता. त्यात उजेड मोजणारी सुई होती. सुई मधोमध आली की बटण दाबायचं, एवढंच त्याला ठाऊक. बुधवारी दाराच्या फटीतून बिबट्या दिसला, सुई मधोमध आणली, बटण दाबलं. फोटो धुऊन आला. शुभ्र गाठी चुलीतल्या राखेसारख्या करड्या, आणि कोपऱ्यात एक काळा गोळा.

"ही म्हैस आहे की ट्रकचं टायर?" साहेबांनी विचारलं.

सुईचं ऐकून फोटो काळा का, हे स्टुडिओवाल्यालाही सांगता येईना. "आपण तर दिवे लावतो," तो म्हणाला. "बिबट्याला इकडे आण, स्टुलावर बसव, मग बघू."

त्या रात्री सोनी डबे घासून पुसून ठेवत होती, बांधायला सोपे जावेत तसे. ते बघून नवनाथने ठरवलं, हे शिकायचंच. आणि शिकायचं तर पुस्तकातून, कारण सांगणारं माणूस गावात नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो बाजारात अनंतशेठच्या दुकानात पोचला. शाळेची पुस्तकं पुढे, जुनी मागे.

"कॅमेऱ्याची तीन आहेत," अनंतशेठ म्हणाला. "उभ्या उभ्या वाचून परत ठेवायचं नाही हं. ही काय लायब्ररी नाय."

पहिलं इंग्रजी, उशीएवढं जाड. बर्फ, तळी, सोनेरी केसांची पोरं. चित्रं अशी की कोणीही भुलावं. दुसरं हिंदी, त्यात तक्ताच दिला होता: धूप असेल तर हा आकडा, बादल असतील तर तो. पाठ करा आणि मोकळे व्हा. तिसरं मराठी, बारीक, कव्हर गेलेलं, कोपऱ्याला वाळवी.

नवनाथचा हात हिंदीवर गेला. वेळ कुठे होता? पण तक्त्यात समुद्रकिनारा होता, बाग होती, लग्नाचा मंडप होता. पत्र्याचं गोदाम नव्हतं. मग त्याने आपल्या खात्यातली रीत धरली. ट्यूबलाइटखाली शेड कधी ठरवायची नाही. तिन्ही पुस्तकं घेऊन तो दुकानाबाहेर उजेडात आला.

"ओ भाई, किधर?" अनंतशेठ मागोमाग धावला.

"पळत नाही हो, शेठ. काळं बघतोय."

तिन्हींत काळ्या वस्तू शोधल्या. इंग्रजीतला काळा घोडा सुरेख, पण त्याखाली लिहिलेलं होतं ते कोणत्या गावी काढला ते. कसा काढला, ते नाही. हिंदीतला काळा कोट नुसतं डांबर. मराठीतली म्हैस मात्र चुन्याच्या भिंतीपुढे उभी होती आणि तिच्या मानेची प्रत्येक वळी दिसत होती. खाली लिहिलं होतं: 'समोर पांढरंच पांढरं असेल तर सुई फसते. तिला वाटतं उजेड फार, म्हणून ती उजेड तोडायला लावते. अशा वेळी दोन घरं, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या आकड्यांत दोन खुणा, जास्त उजेड द्या.'

नवनाथने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे गाठींनीच बिबट्याला काळं केलं होतं! पण एका वाळवी लागलेल्या पुस्तकाचं ऐकायचं की कॅमेऱ्याच्या सुईचं? उद्या चुकलं तर पुन्हा काढायला दिवसच नव्हता.

त्याने मराठी उचललं.

शनिवारी दुपारी गोदामाचं सरकतं दार खडखडू नये म्हणून बारकूने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, डोळे गच्च मिटून.

"दाजी, सोडू नका हं."

"मी सोडत नाही रे भो. तू लवकर आटप. मला कापरं भरलंय."

फटीतून नवनाथ आत सरकला. बिबट्या गाठींच्या मागे, सावलीत. डोळे उघडे. सुई मधोमध आली आणि नवनाथचं बोट तिथंच अडलं. म्हैस आठवली. भिंगाचं तोंड उघडायला गेला, तर एकच घर शिल्लक. दुसरं द्यायचं तर आतला पडदा हळू उघडझाप करणार, आणि तेवढ्यात हात हलला किंवा जनावर हललं की सगळं फिसकटलं. कॅमेरा त्याने गाठीवर टेकवला. श्वास कोंडला. बिबट्याचं शेपूट हललं. थांबलं. मिश्या थरथरल्या. थांबल्या. जनावराला जणू कळलं की सोनीचं घर आपल्यावर अवलंबून आहे. दगडासारखं बसलं.

खटॅक.

"काका, आणि बिबट्यानं फोटोसाठी पदर सारखा केला असेल नाही?" बायडाबाई म्हणाली.

मधे बोलू नका. ऐका. पाचला थोडा वेळ असताना ओला फोटो साहेबांच्या टेबलावर पडला. गाठी दुधासारख्या, आणि सावलीत बिबट्या, ठिपकान् ठिपका वेगळा. साहेबांनी तो उचलून उजेडाकडे धरला.

"बिबट्या आहे. मानलं," ते म्हणाले. "पण हा गेट सोडून पळाला, त्याचं काय? वॉचमन मला जागेवर राहणारा पाहिजे."

दाराशी उभ्या सोनीचा चेहरा उतरला. आता काय? तर नवनाथने खिशातून सूत तपासायचं भिंग काढलं आणि फोटोतल्या बिबट्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवलं. एवढा अचूक उजेड दिला होता, की त्या बुबुळात आख्खं गेट उमटलेलं! आणि गेटवर टोपी घालून, काठी टेकून, ताठ उभा कोण? आपला बारकू! साहेब खुर्चीतून उठले, बारकूच्या खांद्यावर हात ठेवला आणि—

"ओ दत्तूकाका," बायडाबाई म्हणाली, "बारकू गेटवर उभा होता, तर मग गोदामाचं दार कोणाच्या बापानं धरलं होतं?"