चार नंबरचा एसी

मी एक जुना एसी आहे. भिंतीवर टांगतात तसला नव्हे, मित्रांनो, चांगला कपाटाएवढा. सध्या इमारतीच्या मागे, उन्हात, भंगारवाल्याची वाट बघत उभा आहे.

एकोणीस वर्षं मी एका डेटा सेंटरमध्ये काढली. तुम्ही पाठवलेले फोटो आणि निरोप जिथे साठतात, ती ही जागा. तिथले कॉम्प्युटर अष्टौप्रहर चालतात आणि तापतात. ते बंद पडू नयेत म्हणून आम्ही चौघे एसी फरशीखालच्या पोकळीतून गार हवा सोडायचो. माझा नंबर चौथा, पण वयानं मीच थोरला.

आमचा मेकॅनिक रोज सकाळी स्वेटर घालून यायचा, बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी. मीटर नंतर, आधी माझ्या अंगावर तळहात ठेवून तो विचारायचा, काय म्हणतोस म्हाताऱ्या? स्वतःचे केस पिकलेले, आणि म्हातारा मी! त्याच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. दोघांनी एकाच दिवशी घरी जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. त्यावर त्याची बायको म्हणे विचारायची, एवढं धूड ठेवणार कुठे?

पण मला धाप लागू लागली. एक कोपरा सारखा तापायचा, आणि तो तापला की कोणीतरी घाबरून माझं तापमान आणखी खाली करायचं. अठरा, सतरा, सोळा. मी जीव तोडून राबायचो आणि कोपरा तापलेलाच.

मेकॅनिकला माझी कीव आली. फरशीवर पालथं पडून त्यानं हात फिरवला, तेव्हा उलगडा झाला. तारांसाठी पाडलेल्या भोकांतून माझा निम्मा गारवा भलतीकडेच निसटत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ती भोकं मी आलो त्या दिवसापासून होती. एकोणीस वर्षं माझे निम्मे कष्ट रिकाम्या जागेसाठी गेले, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानं आठवडाभर खपून भोकं बुजवली. कॉम्प्युटरच्या मागून निघणारी गरम हवा परत पुढे येऊ नये म्हणून पडदे लावले. कोपरा निवला. तापमान चोवीसवर आलं, त्याचा स्वेटर उतरला आणि माझी धाप थांबली.

तिथेच घात झाला. महिन्याभराचं घटलेलं वीजबिल पाहून इंजिनिअर ताई खूश झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, आता तीन एसी पुरतील."

चौघांत कोण जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"ताई, मी त्याचं ओझं कमी करायला निघालो होतो," तो म्हणाला.

ताईंचं चुकलं नव्हतं. इतकी वीज फुकट का जाळायची? त्याचंही चुकलं नव्हतं. मग रागवायचं तरी कुणावर?

बटण त्यानं दुसऱ्या कुणाला दाबू दिलं नाही. पंखा पूर्ण थांबेपर्यंत त्याचा हात माझ्या अंगावर होता.

मित्रांनो, दमलेल्याला आणखी जोर लाव म्हणण्याआधी, त्याचे कष्ट कुठे गळतात ते एकदा वाकून बघा. आणि लवकर बघा. माझ्यासाठी कुणीतरी वाकलं, पण फार उशिरा.

मेकॅनिक आता दुपारचा डबा माझ्याजवळ बसून खातो. जाताना सवयीनं तळहात ठेवतो. उन्हानं माझा पत्रा चटका बसेल इतका तापलेला असतो. तरी तो हात लगेच काढत नाही.