अंपायरची जाळी मोहाच्या झाडाखाली

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. निदान माझ्या खोक्यावर तरी तसं लिहिलं होतं. पुढे कोणी मला जाळी म्हटलं, कोणी मुसकं म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मी नेमका कोणाच्या कामाचा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर सांगा.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी सळ्या वाकवून माझी चौकट केली, कपाळ आणि हनुवटी टेकतात तिथे कातड्याच्या गाद्या शिवल्या. कारागिराने मला स्वतःच्या तोंडाला लावून पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, याच्यामागचा माणूस चेंडूला भिणार नाही. मी फुशारून गेलो. चेंडू म्हणजे काय, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

१९८६ साली, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत, मी पोंभुर्ण्याच्या एका शाळेत पोचलो. खोकं उघडलं शिपाई मुखरूभाऊंनी. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, सरकारनं बैलासाठी लोखंडाचं मुसकं धाडलं. बैलाने धानात तोंड घालू नये म्हणून त्याच दुपारी मला त्याच्या तोंडाला बांधलं. बैल मला दिवसभर चाटत राहिला. मी समजलो, हाच तो चेंडू!

माझी सुटका केली देवाजी सरांनी. ते शाळेचे व्यायामशिक्षक. नागपूरच्या शिबिरात ते बेसबॉल नावाचा नवा खेळ शिकून आले होते, आणि त्यांना त्याचा अंपायर व्हायचं होतं. गावाच्या दृष्टीने हे सगळं अजबच. क्रिकेटचा पंच टोपी घालून ऐटीत लांब उभा राहतो. हा मात्र मारणाऱ्याच्या मागे, चेंडू पकडणाऱ्याच्याही मागे वाकून उभा. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे थोडे वाकलेले, हनुवटी चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्याच्या जरा वर. खोक्यात छातीचं चिलखत एकच होतं, ते पकडणाऱ्याला गेलं. मग सरांनी शर्टाच्या आत गोधडीचा तुकडा घातला आणि मोज्यांत बांबूच्या कमच्या खोचल्या. तोंडाला मी.

पण सरांची एक खोड होती. चेंडू आला की ते तोंड फिरवायचे. अरे बाबा, मी तर समोरच आहे! मित्रांनो, मी फक्त समोरून राखतो, बाजूने माझी काही मात्रा चालत नाही. व्हायचं तेच झालं. एक चेंडू थेट कानावर बसला आणि कान भज्यासारखा सुजला.

घरी कानाला हळद लावत होती त्यांची आई, केसरबाई. नऊ वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचताना तिच्यावर अस्वलाने झडप घातली होती. उजवा गाल आणि ओठ ओढल्यासारखे झाले होते. तेव्हापासून ती जंगलात गेली नव्हती, आणि घरातसुद्धा पदर गालावरून खाली येऊ देत नसे.

"अस्वल आलं तवा मी तोंड फिरवून पळाली, म्हणून त्यानं मले धरलं," ती म्हणाली. "तुह्या तोंडाले तं जाळी आहे. मंग तू काऊन तोंड फिरवतं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणात सरांना उभं केलं आणि चिंध्यांचा चेंडू त्यांच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. पाय चुकला की ती स्वतः उभी राहून दाखवायची. महिन्याभरात सरांची मान हलायची बंद झाली.

पुढच्या वर्षी, मोह पडायच्या दिवसांत, नागपूरचे परीक्षक येणार असं ठरलं. सामना चांगला पार पाडला तर सरांचं नाव जिल्ह्याच्या अंपायरांच्या यादीत लागणार होतं. आदल्या संध्याकाळी केसरबाईने मला हातात घेतलं.

"हे मले एक सकाय दे," ती म्हणाली. "माहं झाड नऊ वर्सं पाह्यलं नाई. मॅचच्या आंधी आणून देतो."

सरांनी मान डोलावली. मला कोणी विचारलंच नाही. मी अंपायरचा मास्क, माझं झाडाखाली काय काम?

उजाडताना मला तोंडाला बांधून ती शेजारच्या रुखमाबाईला घेऊन निघाली. मोहाखाली पिवळा सडा पडला होता. वेचता वेचता टोपली भरत आली, ऊन चढलं, आणि पळसामागून अस्वल बाहेर आलं. रुखमाबाई जागीच थिजली. केसरबाईचा श्वास माझ्या गाद्यांवर गरम लागत होता. तिची मान वळायला लागलेली मला कळली, मित्रांनो, आणि मी मनातल्या मनात ओरडलो. पण मान थांबली. मग तिचा डावा पाय पुढे गेला, गुडघे वाकले, हनुवटी स्थिर झाली.

अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. फुसफुसलं. मी पंजाची वाट पाहत राहिलो. पंजा आलाच नाही. ते पुन्हा चार पायांवर आलं आणि नाल्याकडे निघून गेलं.

या सगळ्यात उशीर झाला. मैदानावर काय घडलं, ते मला मुखरूभाऊंच्या बोलण्यातून नंतर कळलं. मास्क नाही म्हटल्यावर परीक्षकांनी सरांना मारणाऱ्याच्या मागे उभं राहू दिलं नाही. चेंडू टाकणाऱ्याच्या पाठीमागे उभं केलं. गाव खूश, म्हणे आता कसा पंच पंचासारखा दिसतो! सरांचे डोळे मात्र रस्त्यावर. त्यांचे दोन निकाल चुकले.

तेवढ्यात टोपली डोक्यावर घेऊन केसरबाई मैदानात आली. तिने सगळ्या गावासमोर मला तोंडावरून काढलं.

"घे बाबा, तुही जाळी. जशीच्या तशी आहे."

पदर खांद्यावरच होता. तो वर घ्यायचं ती विसरून गेली होती. सर माझ्याकडे पाहतच नव्हते, तिच्याकडे पाहत होते आणि डोळे पुसत होते.

त्या वर्षी यादीत सरांचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी आलं. आणि त्याच वर्षी मोहाच्या दिवसांत सरांनी मला मुद्दाम दारामागच्या खुंटीवर अडकवलं, आईच्या हाताशी. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि मला तिथेच ठेवून, उघड्या चेहऱ्याने रुखमाबाईसोबत निघून गेली. मला फार वाईट वाटलं. मी तिला वाचवलं होतं ना? की नव्हतं? माझ्या सळीला तर ओरखडाही नव्हता!

आता माझा पट्टा तुटला आहे, गादी उंदरांनी कुरतडली आहे. मित्रांनो, अधूनमधून मला तेलाचं बोट लावत जा, गंजलो तर कोणाच्याच कामाचा राहणार नाही. आणि कोणी मला एका सकाळसाठी मागायला आलं, तर कशाला म्हणून विचारू नका. देऊन टाका.