चाळीस कोरडे हापसे

बारावीला अठ्ठावन्न टक्के पाडून नवशीने पोशेऱ्यात असा काही भाव खाल्ला होता की विचारू नका. पाड्यावरची पहिली बारावी पास पोरगी ना ती! म्हणून जव्हारच्या सायबर कॅफेत मालक कमलेशदादा म्हणाला, "मी देऊ का भरून?" तेव्हा तिने खुर्ची अशी पुढे ओढली, जशी काही घरचीच.

"मला येतं की!"

फॉर्म नर्सिंगचा होता आणि आज संध्याकाळी पाचला बंद होणार होता. आदिवासी मुलींसाठी बारा जागा राखीव. जमातीचा दाखला नवशीच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. तो मिळवताना तिच्या बाच्या, देवरामच्या, चपलेचे दोन अंगठे तुटले होते. आज तर ऐन आवणीत, भाताची रोपं बांधावर तशीच टाकून तो आला होता. बस म्हटलं तरी बसेना. तिच्या मागे उभा.

पान उघडलं. म्हणजे उघडायला लागलं. वर एक पळती पट्टी, तिच्याखाली आळीपाळीने फिरणारे फोटो, कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन! नवीन!' सगळं नाचत होतं. फॉर्म तेवढा जागचा हलत नव्हता.

"नेट स्लो आहे का दादा?"

"नेट बरं आहे गं. पानच जड करून ठेवलंय. एवढा नटवा थाट ओढताना माझ्या जुन्या डब्याला धाप लागते. घाई नको करू," असं म्हणून कमलेशदादा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या झेरॉक्स काढायला वळला.

नाव झालं, गाव झालं. एकेक अक्षर उमटायला एवढा वेळ की मधे चहा पिऊन यावं. मग प्रवर्गाची यादी आली. नवशीने दाखला काढून टेबलावर ठेवला, 'अनुसूचित जमाती' निवडलं आणि खाली जायला माऊसचं चाक फिरवलं. पान ढिम्म. घड्याळात पावणेपाच.

"काय झालं?" देवरामने विचारलं.

"अडकलंय, बा."

"मग हापस की! आपला हापसा पहिले चाळीस कोरडेच जातो. दांडा सोडला का पाणी परत खाली."

खरंच होतं ते. पोशेऱ्याच्या हापशावर जी बाई मधेच दमते तिचा हंडा रिकामा राहतो, हे नवशीला चालायला शिकली तेव्हापासून ठाऊक. तिने चाक फिरवलं. फिरवतच राहिली. दहा, वीस, तीस. बोट दुखलं. पान मेल्यासारखं. चाळीस!

आणि एकदम काहीतरी सुटलं. पडदा थरथरला. तिने कडेची पट्टी धरून खाली ओढली, तसं पान धाडकन तळाला गेलं. समोर 'फॉर्म पाठवा'. पाचला दहा मिनिटं कमी. नवशीने बटण दाबलं.

"आलं पाणी!" देवराम एवढ्या जोरात हसला की झेरॉक्सवालं गिऱ्हाईक दचकलं.

प्रिंट कमलेशदादाने काढली. हातात घेतली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"नवशी, खुला कशाला टाकलंस?"

"खुला? नाही! मी जमाती टाकलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"निवडल्यावर बाहेर क्लिक केलंस का? नाही ना? मग चाक फिरवलं की पान नाही सरकत, ती यादी सरकते. मशीन अडकलेलं, म्हणून तुला दिसलं नाही. तू फिरवलेलं सगळं त्याने साठवलं आणि एकदम सोडलं. यादीत शेवटी काय आहे? खुला."

"बदला ना मग!"

"एकदा पाठवला की बदलत नाही. आणि खुल्याची यादी गेल्या साली ऐंशीच्या वर थांबली होती."

तरी त्याने मदतीचा नंबर फिरवला. एंगेज. परत एंगेज. पाच वाजले तेव्हा त्याने पान पुन्हा उघडलं. ते मात्र झटकन आलं. पट्टी नाही, फोटो नाहीत. एकच ओळ : मुदत संपली आहे.

देवरामला वाचता येत नव्हतं. नवशीने त्याला सगळं सांगितलं, हळूहळू, दोनदा.

"पण तू तर हात थांबवला नव्हता," तो म्हणाला.

"तेच ना, बा."

देवरामने टेबलावरचा दाखला उचलला, आधीच्याच घड्यांवर घडी घातली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. मग डेपोकडे निघाले दोघं. गाडी लागलेली होती. बांधावरची रोपं अजून ओली असतील, उद्या पहाटे लागतील, असं काहीतरी तो बोलत होता. नवशी हो म्हणत होती.