गच्चीवरचा हेर

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये व्हिडिओवर हेरांचा सिनेमा झाला. तिकडे कारगिलला लढाई पेटलेली, आणि इकडे बेलापूरची मंडळी शत्रूच्या हेरामागे धावणाऱ्या वेंधळ्या डिटेक्टिव्हला हसून हसून बेजार. जयमालाचे यजमान विलासराव मात्र गंभीर होऊन घरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी ना!

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या सकाळी त्यांनी खालून गच्चीकडे पाहिलं. वर काहीतरी लकाकत होतं, थेट खाडीच्या दिशेने. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले मुख्तार गच्चीवरून उतरले. हातात कॅसेटमधून ओढून काढलेली फीत. झालं! विलासरावांनी गच्चीला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली आणि मुख्तारना गेटपाशी गाठलं.

"फीत कसली, मुख्तारभाई? कुणाचं रेकॉर्डिंग?"

"अहो, वहिनींनी सांगितलं म्हणून वर बांधली. ही उरलेली." मुख्तार हसले. "विचारा त्यांनाच."

गेटपाशी जमलेल्या शेजाऱ्यांत जयमालाही होती. पण आज शनिवार. दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे, आणि ते तिने आजवर मोडलं नव्हतं. लिहून सांगणंही तिच्या लेखी बोलणंच. तिने दोन्ही हात पंखांसारखे हलवले.

"विमान!" तळमजल्यावरचे गोटीराम ओरडले.

तिने नकारार्थी मान हलवली आणि चिमटीने हवेत ओळीने सांडगे घालून दाखवले.

"बॉम्ब टाकतायत!"

सगळे हसले. विलासराव नाही हसले. "मी पोलिसांना फोन करतो. उगाच रिस्क नको."

मुख्तारचं हसू मावळलं. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची बायको जाहिदा जयमालाकडे बघत राहिली. जयमालाला वाटलं, शेजाऱ्याची अब्रू जात असताना धरलेलं मौन देवाने तरी का गोड मानावं?

"माझे सांडगे वाळतायत वर," ती म्हणाली. "कावळे टिकू देत नाहीत, म्हणून मीच भावजींना फीत बांधायला सांगितली. ती वाऱ्याने फडफडते, उन्हात चमकते. बस, एवढंच!"

"अगं, आज शनिवार!"

"ठाऊक आहे. आधी त्यांची माफी मागा."

विलासराव काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने. आरोप मोठ्याने केलात ना?"

"चुकलो, मुख्तारभाई," विलासराव सर्वांदेखत म्हणाले.

"असू दे, सेक्रेटरीसाहेब. पण कुलूप काढा. ऊन चढलंय, सांडगे उलटायला हवेत."

जाहिदाने विलासरावांकडून किल्ली घेतली आणि दोघी जिना चढू लागल्या. मौन मोडलंच होतं. जयमाला पार गच्चीपर्यंत बोलत राहिली.