दोन छोट्या, एक लांब

कुरामोची हा नियमाचा माणूस. टोकियोत छत्तीस वर्षं त्याने प्रत्येक सिग्नलकडे नियमाप्रमाणे बोट दाखवत उपनगरी गाड्या चालवल्या, आणि निवृत्तीनंतरही घराबाहेर पडताना गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून "बंद!" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. ऐकायला घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हिरव्या पट्ट्याच्या दहा डब्यांच्या गाडीवर पुढच्या टोकाला तो आणि मागच्या टोकाला गार्ड होसाका, अशी एकोणीस वर्षं गेली. दारं लागली की होसाका मागून बटण दाबून पुढच्या केबिनमध्ये बेल द्यायचा, दोन छोट्या. मग हा गाडी सोडायचा. दिवसभरात दोघांचं बोलणं तेवढंच. त्या गाडीच्या टोकियोतल्या शेवटच्या फेरीत मात्र होसाकाने दोन छोट्यांनंतर एक लांबलचक बेल दिली. कुरामोचीने उतरून त्याला चारचौघांत झापलं, "असा संकेत नियमात नाही. बेल म्हणजे खेळणं वाटलं का तुम्हाला?" होसाका टोपी काढून वाकला आणि निघून गेला.

त्यानंतर दोघं भेटले नाहीत. नववर्षाचं कार्ड तेवढं दरवर्षी यायचं. यंदा डिसेंबरात होसाकाच्या बायकोचं पत्र आलं. घरात दुःख असल्यामुळे शुभेच्छा पाठवत नाही, पती जूनमध्ये गेले. कुरामोचीला फार एकटं वाटलं. त्या गाडीचे दोन डबे कुठल्याशा डोंगरातल्या रेल्वेने विकत घेतले होते. ती बेल एकदा ऐकावी आणि तिच्यापुढे मान तुकवावी, एवढ्यासाठी तो पाच तास प्रवास करून तिथे गेला.

गाडी तीच, पट्टाही तोच. पण बेल वाजेना. दारं लावायची आणि गाडी सोडायची, सगळं एकटी ड्रायव्हर मुलगीच करत होती. मागची केबिन रिकामी.

शेवटच्या स्टेशनावर ती टोक बदलायला उतरली, तेव्हा त्याने विचारलं, "बेल देत नाही तुम्ही?"

"कोणाला देऊ, आजोबा? मी एकटीच तर असते." मग हसून म्हणाली, "तुम्ही ड्रायव्हर होता ना? प्रत्येक सिग्नलला तुमचं बोट माझ्या आधी वर. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं."

"एकदा वाजवाल?"

"वाजवते. पण केबिनमध्ये नाही हं घेता येणार."

"बरोबरच आहे. मी त्या टोकाला काचेबाहेर उभा राहतो."

दोन छोट्या वाजल्या. त्याचा हात आपोआप वर गेला. गाडी जागची हलली नाही. डोळे पुसून तो तिच्याकडे परत आला.

"आणखी एकदा," तो म्हणाला. "पण दोन छोट्यांनंतर एक लांब."

मुलगी गोंधळली. "आजोबा, असा संकेत नियमात नाही."

"हो," कुरामोची म्हणाला. "मीही त्याला हेच म्हणालो होतो."