नदीखालच्या बोगद्याची चित्रं

येडगावच्या द्रौपदाबाईंना मुलगा पसंत होता, त्याचं काम पसंत नव्हतं. शिनोलीचा प्रबुद्ध मुंबईत खाडीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्यावर नोकरीला होता. खोदकामामुळे जमीन किती खचते, पाणी कुठे पाझरतं, हे मोजण्याचं त्याचं काम. द्रौपदाबाईंचा धाकटा भाऊ भागू विहीर खोदताना कडा ढासळून मातीखाली दबून गेला होता.

"जमिनीखाली उतरनाऱ्या मानसाला मी पोरगी देनार न्हाई," त्यांनी लेकीला, अमृताला, सांगून टाकलं.

अमृता नारायणगावात लग्नपत्रिकांच्या दुकानात डिझाइन करायची. घडीचे नमुने शोधताना तिला इंटरनेटवर एक जुनं कागदी खेळणं दिसलं. एकोणिसाव्या शतकात लंडनला नदीखालून बोगदा झाला, तेव्हा लोक ते आठवण म्हणून विकत घेत. ओढलं की भात्यासारखं उघडायचं, आणि पुढच्या भोकातून बघितलं की आत दिव्यांनी उजळलेला बोगदा. सोबत बांधकामाचीही चित्रं होती. वर जहाजं, मध्ये पाणी आणि तळाखाली लोखंडी चौकट. तिच्या एकेका खणात एकेक मजूर माती खणतोय, मागे गवंडी विटांची कमान चढवतायत.

तिने चित्रं छापली, खेळणं कापून चिकटवलं आणि आईच्या हातात दिलं. द्रौपदाबाईंनी भोकाला डोळा लावला.

"ही मानसं पान्याखाली फिरत्यात?"

"हो. आता तिथून रेल्वे जाते."

"आन् बांधताना पानी शिरलं न्हाई?"

पाणी शिरल्याचं चित्र अमृताने पिशवीतच ठेवलं होतं. तिने ते काढून दिलं. पाणी आत घुसलेलं, मजूर पळतायत.

"शिरलं, आई. माणसंपण गेली."

द्रौपदाबाई चित्र घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या. सगळं आपणच बिघडवलं, असं अमृताला वाटलं.

पण दोन दिवसांनी त्यांनीच प्रबुद्धला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा तेच चित्र त्याच्यापुढे ठेवलं.

"आसं तुमच्याकडं व्हतं का?"

"आता पुढं मशीन असतं, मावशी. मागोमाग काँक्रीटचं कडं बसत जातं, आम्ही त्या कड्याच्या आत. पण धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही."

"भागूलाबी लोक म्हनलं व्हतं, कडा भुसभुशीत हाय, आधी बांधून घे. त्यानं ऐकलं न्हाई." भावाबद्दल त्या इतकं कधीच बोलल्या नव्हत्या. "तुमी ऐकाल?"

"थांबा म्हणून सांगायचं कामच माझं आहे. गेल्या पावसाळ्यात मी काम थांबवलं. साहेब चिडले, पण थांबवलं."

द्रौपदाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"मला न्याल का तिथं?"

"आत्ता बाहेरच्यांना सोडत नाहीत. गाडी सुरू झाली की नेतो."

"मंग तवर लगीन उरकून घेऊ," त्या म्हणाल्या, आणि अमृताला ताटं वाढायला सांगून हात धुवायला उठल्या.