करमाफ लाभांश आणि देवापुढची दक्षिणा

ज्या मिळकतीवर करच नाही, ती उघड करण्यात पदरचे काही जात नाही. म्हणूनच तेवढ्या सत्यावर मनुष्य फार लवकर संतुष्ट होतो. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे नृसिंहराव नेसरीकर अशाच संतोषाच्या उंबरठ्यावर उभे होते.

त्यांनी युनिट ट्रस्टमध्ये थोडी पुंजी गुंतवली होती. तिच्या लाभांशाला ठरावीक मर्यादेपर्यंत प्राप्तिकर माफ होता. वर्षाचे विवरणपत्र भरून देणारे बाळासो हे कर-सल्लागार. त्यांनी तो आकडा सोडून दिला, आणि नृसिंहरावांनी कागद परत केला.

"सर, ज्येच्यावर करच न्हाय, ते दाखवून काय करायचं? रस्त्यानं चाललेल्या पोलिसाला आपणच चहाला बोलवायचं व्हय?"

"माफी कराला आहे, बाळासो, सत्याला नव्हे," नृसिंहराव म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतके आवडले, की संध्याकाळपर्यंत ते त्यांनी रंकाळ्यावर भेटलेल्या तिघांना ऐकवले. विवरणपत्रावर सही करायची ती "सर्व उत्पन्न खरे व पूर्ण दिले आहे" या वाक्याखाली. आजवर त्यांनी खोट्याखाली सही केली नव्हती. आयुष्यभराची कमाई म्हणावी तर तीच.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते बाळासोंना घेऊन स्वतः प्राप्तिकर कचेरीत गेले. अधिकारी गडहिंग्लजकडचे, तरुण आणि अदबशीर होते. लाभांश आधी एकूण उत्पन्नात धरायचा आणि मग वजा करायचा, हे त्यांनी समजावून दिले. जे अखेरीस वजाच व्हायचे, ते आधी मिळवावे, यात नृसिंहरावांना वेदान्ताचा वास आला आणि त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली. अधिकाऱ्यांनीही मनापासून सांगितले, की करमाफ रक्कम दाखवायला आपण होऊन आलेला गृहस्थ या टेबलाने पाहिला नव्हता.

मग त्यांनी संकोचत विचारले, "सर, पुतण्या यंदा मॅट्रिकला आहे. आपण शिकवणी घेता म्हणे. फी काय असते?"

"फी मी घेत नाही," नृसिंहराव सौम्यपणे म्हणाले. "पैशाला माझा हात लागत नाही. मुले महिन्याला पंचवीस रुपये देवापुढच्या ताम्हणात ठेवतात. गुरुदक्षिणा. एखादा विसरला, तर आठवण तेवढी करतो."

"मुलं किती असतात?"

"सध्या चौदा. पण तुमच्या पुतण्यासाठी जागा करू."

बाळासोंना खोकल्याची उबळ आली. अधिकाऱ्यांचे पेन थांबले. विवरणपत्र नृसिंहरावांकडे सरकवून ते हळूच म्हणाले, "सर, मी पुतण्याचा काका म्हणून विचारलं. सही अजून व्हायची आहे."

नृसिंहरावांनी सहीच्या जागेवरचे ते वाक्य पुन्हा वाचले. पैसे देवाचे, हे त्यांनी मनाशी म्हणून पाहिले. पण त्या पैशांतून दूधवाल्याचे बिल भागत होते, किराणा येत होता, आणि दिवाळीत प्रेशर कुकर आला होता. देवाला तर रोज खडीसाखरच. इतकी वर्षे एवढा साधा अन्वय आपल्याला लागला नाही, याची लाज त्यांच्या कानांपर्यंत चढली.

"एक ओळ वाढवायची आहे," ते म्हणाले. "आणि मागच्या वर्षांचेही सांगायचे आहे." मग त्यांनी सही केली.

दक्षिणेवर बसणारा कर लाभांशाहून बराच अधिक होता. बाहेर आल्यावर बाळासो म्हणाले, "सर, तुमच्या देवाला पॅन नंबर काढून देऊ काय?" नृसिंहराव हसले नाहीत; पण रागावलेही नाहीत.

घरी पत्नी विमलाबाईंनी सारे ऐकून घेतले. कुकरचे नाव निघाले तेव्हा त्या जरा अवघडल्या. "देवापुढचे पैसे दूधवाल्याच्या हातावर ठेवताना मला दर महिन्याला कसंसंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढे शास्त्र जाणणारे, म्हणून गप्प राहिले."

त्या रात्री नृसिंहराव निवांत झोपले.

विचारून थांबणाऱ्या अधिकाऱ्यांचे, खोकून सावध करणाऱ्या बाळासोंचे, गप्प राहिलेल्या विमलाबाईंचे आणि उशिरा का होईना ओळ वाढवणाऱ्या नृसिंहरावांचे कल्याण असो. आणि त्या चौदा मुलांना विद्या प्राप्त होवो.